गणित विचारणारा पहारेकरी

बी. ई. (संगणक), मुलांचे वसतिगृह

"त्या आजोबांना उत्तर माहीत आहे ना? मग तेच दार का नाही उघडत?"

हा प्रश्न आमच्या फायनल इयर प्रोजेक्टला कोणा एक्स्टर्नलने विचारलेला नाही. एक्स्टर्नल यायला अजून अवकाश आहे. हा प्रश्न विचारला आमच्या मेसमधल्या मावशींच्या धाकट्या मुलीने. ती चौथीत आहे, संध्याकाळी आईबरोबर येते, पोळ्या होईपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करते, आणि तिचा आमच्यापैकी कोणाच्याच इंजिनिअरिंगवर काडीचाही विश्वास नाही.

तर आधी प्रोजेक्टबद्दल. आम्ही चौघे. विषय ठरवायच्या शेवटच्या तारखेला रात्री दोन वाजता ठरलेला (सर्वांचे तसेच ठरतात, उगाच हसू नका): लहान मुलांसाठी शैक्षणिक साहसी खेळ, मराठीतून, अपूर्णांक शिकवणारा. नाव 'किल्ल्यातला खजिना'. एक मुलगा किल्ल्यात शिरतो. सात दरवाजे. प्रत्येक दरवाजावर एक पहारेकरी, प्रत्येक पहारेकऱ्याकडे अपूर्णांकांची तीन गणितं. उत्तर बरोबर आलं की दरवाजा उघडतो. सोबत पांढऱ्या दाढीचे एक आजोबा, ते "हे वत्सा!" अशी सुरुवात करून मार्गदर्शन करतात. आजोबांचा आवाज माझा आहे. तो रात्री एक वाजता, अंगावर दोन ब्लँकेटं घेऊन (एको येऊ नये म्हणून) रेकॉर्ड केला, तेव्हा खालच्या मजल्यावरून रेक्टर सर वर आले होते. त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

लॉगिन होतं. प्रत्येक मुलाची प्रगती डेटाबेसमध्ये साठत होती, शिक्षकांसाठी आलेख निघत होता. ईआर डायग्राम नीटनेटका होता. गाईड सर खूश होते. मग कोणीतरी म्हणालं, अरे, एकदा एखाद्या लहान मुलाला तरी खेळायला देऊ या.

मावशींच्या धाकटीने पहिला दरवाजा दोन मिनिटांत उघडला. पडद्यावर "शाब्बास!" अशी अक्षरं आली. दुसऱ्या दरवाजावर तिचं एक उत्तर चुकलं. आमच्या खेळात चूक झाली की पायाखालची फळी सरकते, मुलगा खंदकात धप्पकन पडतो आणि मगर त्याचं धोतर पकडते. माझ्या रूममेटने या मगरीवर तीन रात्री घालवल्या होत्या. मुलगी खदखदून हसली आणि मग तिने जे सुरू केलं ते आम्ही चौघे मागे उभे राहून बघतच राहिलो. ती मुद्दाम चुकत होती. अर्धा अधिक पाव? सतरा! धप्प. पुन्हा. सत्तावन्न! धप्प. चौदा वेळा मगर पाहून झाल्यावर तिला कंटाळा आला आणि तिने तो आजोबांचा प्रश्न विचारला. आणि जाता जाता आणखी एक: "यात गोष्ट कुठाय?"

गोष्ट कुठाय! किल्ला होता, खजिना होता, सात पहारेकरी होते, आणि गोष्ट नव्हती. शाळेची वही होती, तिला आम्ही किल्ल्याचं चित्र असलेलं कव्हर घातलं होतं.

यानंतर पंधरा दिवस मी डिपार्टमेंटची कामं बाजूला ठेवून (एक सबमिशन लेट झालं, त्याची नोंद संबंधितांनी घेतलेलीच आहे) मुलांसाठीचे जुने शैक्षणिक खेळ शोधून खेळलो. पुष्कळसे अजून मिळतात. काही इंटरनेट आर्काइव्हवर थेट ब्राउझरमध्ये चालतात, काही स्टीमवर स्वस्तात आहेत. आणि माझं असं मत झालं की या प्रकारात गोष्ट सांगण्याच्या ज्या रूढी पडल्या आहेत, त्यांतल्या अर्ध्या आपण न तपासता उचलतो. दारातला पहारेकरी ही त्यांतली सर्वांत वाईट.

खरं तर या साऱ्याची सुरुवात फार चांगली झाली होती, आणि तीही तीन रूममेटनी केली. १९७१ साली अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविट्श नावाचा एक शिकाऊ शिक्षक आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात लोक बैलगाड्या घेऊन मिसुरीपासून ओरेगॉनपर्यंत दोन हजार मैल कसे गेले, हा धडा. त्याच्याबरोबर राहणारे बिल हाइनेमान आणि पॉल डिलनबर्गर हे दोघे गणिताचे शिकाऊ शिक्षक, आणि त्यांना प्रोग्रामिंग येत होतं. तिघांनी मिळून सुमारे दोन आठवड्यांत 'द ओरेगॉन ट्रेल' लिहिला. दोन आठवडे! आमचा सिनॉप्सिस मंजूर व्हायला याहून जास्त दिवस लागले. पडदा नव्हताच. टेलिटाइप मशीन, फोनलाईनवरून दूरच्या संगणकाला जोडलेलं, आणि गोष्ट कागदावर टकटक छापून येणार. सत्र संपल्यावर रॉविट्शने कोड छापून घेतला आणि यंत्रावरून काढून टाकला. पुढे १९७४ मध्ये मिनेसोटातल्या सरकारी शैक्षणिक संगणन संस्थेत नोकरी लागल्यावर त्याने तो त्या कागदावरून पुन्हा टाइप केला. या वेळी त्याने एक काम जास्त केलं. प्रवास केलेल्या लोकांच्या रोजनिश्या वाचून आजारपण, खराब हवा, गाडी मोडणे या गोष्टी किती वेळा घडत ते पाहिलं आणि त्याप्रमाणे खेळातल्या शक्यता बदलल्या. आपल्या एम-थ्रीमध्ये प्रोबॅबिलिटी का आहे असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता या खेळात पहारेकरी शोधून दाखवा. नाही. १९८५ ची अ‍ॅपल टू वरची आवृत्ती घ्या, पुढच्या बहुतेक आवृत्त्या तिच्यावरून निघाल्या. सुरुवातीला तुम्ही सावकार, सुतार किंवा शेतकरी व्हायचं. सावकाराकडे १६०० डॉलर, सुताराकडे ८००, शेतकऱ्याकडे ४००. पण शेतकरी होऊन पोचलात तर गुण तिप्पट. बैल किती, धान्य किती, कपडे किती, सगळं दुकानातून आधी घ्यायचं. गाडीतल्या माणसांना नावं द्यायची. मुलं अर्थातच मित्रांची नावं देतात. आणि मग वाटेत नदी येते. गाडी पाण्यातून तशीच घालायची, फटी बुजवून तरंगवायची, की पैसे देऊन तराफ्यावरून न्यायची? पाणी किती फूट आहे ते समोर लिहिलेलं असतं. शिकारीला गेलात आणि शेकडो पौंड मांस पाडलंत, तरी गाडीपर्यंत आणता येतं १०० पौंडच. हे सगळं गणित आहे. पण ते कोणी विचारत नाही. ते तुम्हाला करावं लागतं, कारण केलं नाही तर पुढच्या वळणावर तुमच्या वर्गमित्राला हगवण लागते आणि तो मरतो. त्याच्या थडग्यावर काय लिहायचं ते तुम्हीच ठरवायचं. अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीला तो हगवणीचा मृत्यू आजही आठवतो. आमच्या सात दरवाजांपैकी एकही कोणाला आठवणार नाही.

टॉमस मलोन यांनी १९८० साली स्टॅनफर्डला पीएच.डी.साठी मुलांना संगणकाचे खेळ का आवडतात याचा अभ्यास केला. त्यांनी कल्पनेचे दोन प्रकार पाडले. एका प्रकारात कल्पना बाहेरून चिकटवलेली असते: गणित सोडवा, बक्षीस म्हणून गाडी पुढे सरकेल. गणिताच्या जागी स्पेलिंग घाला, भूगोल घाला, गाडीला काही फरक पडत नाही. दुसऱ्या प्रकारात कौशल्य आणि कल्पना एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांचं उदाहरण 'डार्ट्स' या खेळाचं. एका उभ्या संख्यारेषेवर फुगे लटकलेले, प्रत्येक फुगा कोणत्या अपूर्णांकावर आहे ते ओळखून टाइप करायचं, त्या जागी बाण जातो. चुकलात तर बाण फुग्याच्या किती वर किंवा खाली गेला ते दिसतं. म्हणजे चूक हीच माहिती. आमच्याकडे चूक ही मगर होती. (मलोन यांना आणखी एक गोष्ट आढळली: बाण आणि फुग्यांची कल्पना मुलग्यांना आवडली, मुलींना फारशी नाही. गोष्ट कोणासाठी रचतोय हे न विचारता किल्ला आणि खजिना घेणाऱ्या आम्हा चार मुलग्यांना हे वाचून जरा ओशाळल्यासारखं झालं.)

लोगो भाषेच्या जनकांपैकी एक, सीमोर पॅपर्ट, तर याहून कडक बोलले आहेत. शाळेत ज्यांनी पडद्यावर ते कासव फिरवलं असेल त्यांना लोगो आठवेल. बर्नार्ड शॉचा तो प्रसिद्ध किस्सा आहे ना, एक सुंदर बाई म्हणाली, आपल्याला मूल झालं तर त्याला माझं रूप आणि तुमची बुद्धी मिळेल. शॉ म्हणाला, आणि उलटं झालं तर? १९९८ च्या एका लेखात पॅपर्टनी शैक्षणिक खेळांना याच किश्श्यावरून नाव दिलं. खेळ आणि शाळा यांचं हे अपत्य, पण दोघांचे दुर्गुण घेऊन जन्मलेलं: शाळेचा रटाळपणा आणि खेळाचा फक्त भपका. आम्ही तर त्यात दाढीवाले आजोबाही घातले होते.

इथे कोणी म्हणेल की गोष्टीत प्रश्न विचारूच नयेत का? विचारावेत की! 'चांदोबा'तला विक्रम-वेताळ आठवा. तिथेही प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न आहेच, म्हणजे वेताळ हाही एक पहारेकरीच. पण रचना बघा काय जबरदस्त आहे. राजाने मौन पाळून प्रेत न्यायचं आहे. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार, बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे बरोबर उत्तर देण्याची किंमत आहे! प्रश्नही कसला, तर आत्ताच ऐकलेल्या गोष्टीतल्या माणसांबद्दलचा, न्याय कोणाच्या बाजूने असा. आणि शेवटच्या गोष्टीत राजाला उत्तर येत नाही, तो गप्प चालत राहतो, आणि तिथेच वेताळ प्रसन्न होऊन त्या कपटी योग्याचा बेत त्याला सांगतो. उत्तर न येण्यातून गोष्ट सुटते असं एक तरी शैक्षणिक सॉफ्टवेअर मला दाखवा. आमच्यात उत्तर आलं नाही तर तीन चुकांनंतर "पुन्हा प्रयत्न करा" येत होतं.

आता मला मनापासून आवडलेला खेळ. 'लॉजिकल जर्नी ऑफ द झूंबिनीज', १९९६. निळे, गोलमटोल प्राणी. त्यांचं बेट परक्या व्यापाऱ्यांनी बळकावलं, म्हणून ते होडीतून पळाले आणि आता नवं गाव वसवायला चालले आहेत. प्रत्येकाला केस, डोळे, नाक आणि पाय, प्रत्येकाचे पाच प्रकार. पाचाचा चौथा घात ६२५, म्हणजे इतक्या तऱ्हेचे झूंबिनी होऊ शकतात. सोळासोळांच्या टोळीने निघायचं. पहिल्याच टप्प्यावर दरीवर दोन पूल, आणि पुलांखालच्या कड्यांना चेहरे आहेत. कड्यांना अ‍ॅलर्जी आहे! एका कड्याला समजा लाल नाक सहन होत नाही. तसला झूंबिनी पुलावर गेला की कडा सटकन शिंकतो आणि तो उडून परत. कोणता नियम आहे ते कोणी सांगत नाही. तुम्ही पाठवता, शिंक येते, तुम्ही अंदाज बांधता, दुसरा पाठवता. हे सेट थिअरी आहे, हे हायपोथिसिस टेस्टिंग आहे, आणि संपूर्ण खेळात बेरीज-वजाबाकीचा एक प्रश्न नाही. शिंक हा नियम आहे आणि शिंक हीच गोष्ट आहे. एकीतून दुसरी वेगळी काढता येत नाही. आणि जे मागे राहिले ते मरत नाहीत, मागच्या तळावर जातात. पुढच्या फेरीत त्यांना आणायला यावं लागतं. मी रात्री तीन वाजता दोघांना आणायला परत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी क्लास टेस्ट होती.

इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र याच्याही आधीचा 'रोबॉट ऑडिसी' बघावा, १९८४ चा. त्यात तुम्ही स्वप्नात रोबॉटांच्या शहराच्या गटारात पडता. सोबत तीन रोबॉट. बाहेर पडायचं तर रोबॉटच्या पोटात शिरून अँड, ऑर, नॉट गेट आणि फ्लिप-फ्लॉप जोडून त्याला वागायला शिकवायचं. भिंतीला धडकलास की वळ. चावी दिसली की उचल. आपलं सेकंड इयरचं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, पण इथे सर्किट चुकलं तर जर्नलवर लाल शेरा येत नाही, रोबॉट वेड्यासारखा गोल गोल फिरत राहतो आणि तुम्ही गटारातच. प्रामाणिकपणे सांगतो, मी दुसऱ्या पातळीच्या पुढे गेलो नाही. मुलांसाठी म्हणून काढलेला खेळ फायनल इयरला जड जातो, यावर डिपार्टमेंटने विचार करावा.

चुकीचं काय करायचं, हा या साऱ्या गोष्टींतला नाजूक भाग. साहसी खेळांमध्ये पूर्वी मरण स्वस्त होतं. १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट'पासून सिएरा कंपनीच्या खेळांत एक पाऊल वाकडं पडलं की नायक संपला, आणि कधीकधी तर तासाभरापूर्वी एक वस्तू उचलायची राहिली म्हणून आता पुढे जाताच येत नाही. रॉन गिल्बर्टने १९८९ मध्ये याविरुद्ध एक सणसणीत लेख लिहिला, १९९० च्या 'मंकी आयलंड'मध्ये ते जवळजवळ बंद करून दाखवलं, आणि १९९२ मध्ये शेली डे यांच्याबरोबर लहान मुलांसाठी 'ह्युमंगस' ही कंपनी काढली. तिच्या खेळांत मरण नाही, अडकून बसणं नाही. पडद्यावर कुठेही क्लिक करा, काहीतरी गंमत होते. बादलीतून बेडूक निघतो, झाड गाणं म्हणतं. आमच्या मगरीची तिथे योग्य सोय झाली असती, कारण तिथे गंमत बघायला चुकावं लागत नाही.

त्यांचा 'पजामा सॅम' (१९९६) अवश्य बघा. अंधाराला भिणारा एक मुलगा. आवडत्या कॉमिक्समधल्या नायकासारखं तोही ठरवतो की अंधाराला पकडून डब्यात कोंडायचं. विजेरी, मुखवटा आणि खाऊचा डबा घेऊन तो कपाटात शिरतो, तर आत एक अख्खं जग. आणि पहिल्या पाच मिनिटांत तिथली झाडं त्याला पकडून तिन्ही वस्तू काढून घेतात! नायकाची शस्त्रं सुरुवातीलाच जप्त. शेवटी अंधार भेटतो तेव्हा कळतं की सगळे घाबरतात म्हणून तो एकटा पडलाय, त्याला खेळायला कोणीतरी हवंय. बस्स. यात अभ्यासक्रमातलं एक अक्षर नाही. पण लाईट गेल्यावर हॉस्टेलच्या मागच्या बाथरूमला एकटं न जाणारे माझे तीन मित्र मला माहीत आहेत, तेव्हा शिक्षण कशाला म्हणायचं याची व्याख्या थोडी सैल करावी असं वाटतं.

गोष्ट शिकवते म्हणताना एक धोकाही सांगायला हवा. मूल फक्त प्रश्नांची उत्तरं शिकत नाही, गोष्टीत जे न बोलता गृहीत धरलंय तेही शिकतं. 'ओरेगॉन ट्रेल'चं एवढं कौतुक केलं, पण वर्षानुवर्षं त्या खेळात तो प्रदेश जणू रिकामा, पोचणाऱ्याची वाट बघत पडलेला होता. तिथे आधीपासून राहणारे मूळ रहिवासी वाटेतले प्रसंग म्हणून येत. २०२१ मध्ये नवी आवृत्ती काढताना मूळ अमेरिकन इतिहासकारांचा सल्ला घेतला आणि त्या समाजातली पात्रं खेळायला दिली. अर्धं शतक लागलं. 'कारमेन सँडिएगो'चंही तसंच. १९८५ चा हा खेळ मला फार आवडतो. चोर जगभर पळतोय, तो कोणत्या देशात गेला ते झेंड्याच्या रंगावरून, चलनावरून ओळखायचं, आणि रविवार संध्याकाळच्या आत वॉरंटसकट पकडायचं. वॉरंट नसेल तर चोर समोर असूनही सुटतो. खोक्यात चक्क एक जाडजूड वार्षिक ज्ञानकोश मिळायचा, तो उघडल्याशिवाय पुढे जाता येत नसे. मुलाला पुस्तकाकडे धाडणारा संगणक! पण त्यातून देश म्हणजे एक झेंडा, एक नाणं आणि एक स्मारक असंच डोक्यात बसतं. आपल्या वाट्याला नवी दिल्ली आली आहे. बाकीच्या भारतात चोर जात नाहीत, ही आनंदाची बाब मानावी की अपमानाची?

हे लिहिताना आमच्याच किल्ल्याकडे बघितलं. आम्ही वेढा घालणारे सगळे सैनिक कुरूप काढले होते. का? कोणीच ठरवलं नव्हतं. चित्रं तशी आपोआप निघाली.

हे सारं गाईड सरांना सांगितलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "पाढे पाठ करायला गोष्ट लागत नाही." आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सर बरोबर आहेत. काही गोष्टी घोकूनच येतात. १९८३ चा 'मॅथ ब्लास्टर' एका शिक्षिकेच्या कंपनीने काढला. तो बिनधास्त घोकंपट्टीचा खेळ होता आणि त्याने लपवाछपवी केली नाही: उत्तरावर नेम धरा, उडवा, पुढचं घ्या. व्यायामशाळेत जोर मारताना कोणी कथा मागत नाही. माझी तक्रार घोकंपट्टीबद्दल नाहीच. गोष्ट सांगतो म्हणून मुलाला बोलवायचं आणि दारात पकडून पेपर द्यायचा, याबद्दल आहे. मूल एकदा फसतं. दुसऱ्यांदा कोणी म्हणालं, ये, गोष्ट सांगतो, तर ते खिशात हात घालून विचारतं, आधी सांगा, गणित आहे का? पहिली ते चौथीत ही फसवणूक पुरेशा वेळा झाली की पुढे गणिताचंही नुकसान आणि गोष्टीचंही. मावशी सांगत होत्या, धाकटी शाळेत अपूर्णांक आले की पोटात दुखतं म्हणते.

सरांनी दुसरा मुद्दा काढला, तो व्यवहाराचा. सबमिशनला सहा आठवडे आहेत. चाललेला प्रोजेक्ट मोडू नका. एक्स्टर्नल डेटाबेस बघतील, टेस्टिंगचे तक्ते बघतील, रिपोर्टचं बाइंडिंग बघतील. गोष्ट कुठाय असं कोणीही विचारणार नाही. हेही बरोबर आहे. आमच्यातल्या दोघांचं प्लेसमेंट व्हायचंय, त्यांना हे प्रकरण लवकर मिटायला हवं, आणि त्यांना दोष देता येत नाही. रूममेट तर मगर काढायची म्हटल्यावर एक दिवस माझ्याशी बोलला नाही.

शेवटी तडजोड अशी झाली. जुना खेळ एका फोल्डरमध्ये तसाच, सुरक्षित. दुसऱ्या फोल्डरमध्ये नवा. डेटाबेस, लॉगिन, आलेख सगळं तेच. फक्त सात दरवाजे, सात पहारेकरी आणि आजोबा निवृत्त. (आवाज माझा होता, तरी मी स्वतः त्यांना डिलीट केलं.) मगर ठेवली, पण ती आता खंदकात राहते आणि क्लिक केलं की केव्हाही जांभई देते.

नव्या गोष्टीत किल्ल्याला वेढा पडलाय आणि खेळणारं मूल कोठीवर आहे. धान्य मोजून द्यायचं. मापं आपली जुनीच: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. ही मापं सापडली त्या रात्री आम्ही चौघे एकमेकांकडे बघत बसलो. अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश, सगळे अपूर्णांक भाषेतच होते आणि आम्ही ते दरवाजांवर लावत बसलो होतो! माणसं येतात, आपापलं मागतात. बाळंतीण येते, तिला अदपाव जास्त. लोहाराचा पोरगा दोनदा रांगेत येतो. कमी दिलंत तर दुसऱ्या दिवशी बुरुजावर माणूस कमी. जास्त दिलंत तर कोठी लवकर रिकामी. चूक झाली तर पडद्यावर काही येत नाही, फक्त संध्याकाळी कोठीच्या तळाला किती उरलंय ते दिसतं.

गेल्या गुरुवारी मेसमध्ये दाखवला. धाकटीने पहिल्या दिवशी सगळ्यांना शेर शेर वाटून टाकलं आणि तिसऱ्या दिवशी कोठी रिकामी झाली. तेव्हा ती खुर्चीत सरळ बसली. दुसऱ्या डावात अदपाव म्हणजे किती यावर अडली. आम्ही कोणी काही बोलायच्या आत मावशी पोळपाट सोडून, पिठाच्या हातांनी मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पावशेराच्या निम्मा गं. आजी चहा पावडर आणायची ना." मग दोघी मिळून खेळल्या. तव्यावरची पोळी करपली, त्याबद्दल ज्यांनी तक्रार केली त्यांची मी माफी मागतो. धाकटीने रोज एक छटाक बाजूला काढायला सुरुवात केली. कशासाठी विचारलं तर म्हणाली, मगरीला. मगर धान्य खात नाही हे तिला सांगायची कोणाचीच हिंमत झाली नाही. रूममेटने मात्र त्याच रात्री मगरीला छटाकभर दाणे खाताना काढलं.

जाताना तिने विचारलं, वेढा उद्या उठेल का? तो कोड आम्ही अजून लिहिलेला नाही.